वाचकांचे प्रश्न : औषधाच्या किमतीशी व्यापार कराराचा संबंध काय?

प्रश्न : माझ्या थोरल्या जाऊबाईंना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग आहे. तपासणीला परळला जावे लागते आणि इमॅटिनिबची गोळी रोज चालू आहे. औषधाच्या दुकानदाराने बोलता बोलता सांगितले की, मूळ कंपनीच्या याच औषधाला पूर्वी महिन्याला लाखाच्या वर पैसे पडत. परदेशांशी नवे व्यापार करार झाले की औषधे पुन्हा महागतील, असे माझा मुलगा म्हणतो. व्यापाराच्या कराराचा गोळीशी काय संबंध? — एक वाचक, लालबाग

उत्तर : दुकानदाराने सांगितले ते खरे आहे. इमॅटिनिबच्या मूळ कंपनीच्या गोळीचा, म्हणजे ग्लिवेकचा, खर्च महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये होता, तर भारतीय कंपन्या तेच औषध ८,००० ते १०,००० रुपयांत देत होत्या.

१९७० च्या पेटंट कायद्यानुसार आपल्याकडे औषधावर पेटंट, म्हणजे ते बनवण्या-विकण्याची ठरावीक काळाची मक्तेदारी, मिळत नसे; ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची मुभा होती आणि त्याच मुभेवर आपला औषधउद्योग वाढला. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर पेटंटसारख्या बौद्धिक संपदा हक्कांचा ट्रिप्स करार आला आणि दहा वर्षांची सवलत संपल्यावर, २००५ पासून, खुद्द औषधावर वीस वर्षांचे पेटंट देणे भारताला भाग पडले. हा विषय व्यापाराच्या करारात का घातला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पेटंटचा नियम मोडला, तर तक्रारदार देश संघटनेच्या परवानगीने भारताच्या कपड्यांवर किंवा कोळंबीवरही जकात वाढवू शकतो. धाक आहे तो इथे.

मात्र ट्रिप्सने काही दारे उघडी ठेवली आहेत, आणि याच संघटनेच्या २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने त्यांना दुजोरा दिला. आपल्या कायद्यातले कलम ३(ड) हे त्यांपैकी एक : माहीत असलेल्या औषधाचे रूप किंचित बदलून नवे पेटंट मागितले, तर त्या बदलाने औषधाचा गुण लक्षणीय वाढला आहे हे दाखवावे लागते. ग्लिवेकच्या कंपनीने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपासाठी पेटंट मागितले होते. ते रूप शरीरात अधिक शोषले जाते, एवढ्याने रोग्याला अधिक गुण येतो हे सिद्ध होत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ती मागणी फेटाळली. आपल्या जाऊबाईंच्या गोळीची किंमत आवाक्यात राहिली, त्यात या निकालाचा मोठा वाटा आहे.

दुसरे दार सक्तीच्या परवान्याचे. पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावरही औषध परवडणाऱ्या किमतीत मिळत नसेल, तर पेटंटधारकाची संमती नसतानाही ते बनवण्याचा परवाना दुसऱ्या उत्पादकाला मागता येतो. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील नेक्साव्हारचा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपये होता. मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी ९ मार्च २०१२ रोजी नॅटको कंपनीला परवाना दिला आणि ते ८,८०० रुपयांत देण्याची अट घातली. हे कार्यालय अँटॉप हिलला आहे, परळहून फार लांब नाही. पण हे दार त्यानंतर पुन्हा उघडलेले नाही, आणि माझ्या मते त्याला कायद्यापेक्षा सरकारचा संकोच अधिक कारणीभूत आहे.

तिसरे दार सामान्य माणसाचे. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिनच्या एका क्षाररूपाला पेटंट मिळाले असते, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. क्षयातून बऱ्या झालेल्या दोन तरुणींनी त्याला हरकत घेतली. एक मुंबईची, दुसरी दक्षिण आफ्रिकेची, आणि क्षयावरील जुन्या जहाल औषधांपायी दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज नामंजूर झाला. या शहरात असा क्षय किती घरांत शिरला आहे, हे चाळीत राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

आता आपल्या मुलाची शंका. ती अनाठायी नाही, पण धोका तो समजतो तसा उघड नाही. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारात सक्तीचा परवाना कुठेही रद्द केलेला नाही. औषधे लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी कंपनीने स्वेच्छेने दिलेला परवाना हाच श्रेयस्कर मार्ग, असे फक्त म्हटले आहे. उद्या नियंत्रकांपुढे अर्ज आला की विरोधी वकील पहिल्यांदा हेच वाक्य वाचून दाखवील. शिवाय २०२४ च्या नियमदुरुस्तीने हरकतीला शुल्क लावले, आणि पेटंटचा देशात किती वापर झाला याचे विवरणपत्र दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा देण्याची मुभा दिली. सक्तीचा परवाना मागणाऱ्याला पुरावा लागतो तो नेमका याच विवरणपत्रातला. जाऊबाईंच्या औषधाला मात्र यातल्या कशाचीही झळ लागणार नाही. प्रश्न उद्याच्या औषधांचा आहे.

प्रश्न : मग कंपन्यांनी संशोधन करायचे कशाच्या जोरावर? — एक विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : आक्षेप रास्त आहे, आणि पेटंटच नको असे मी म्हणत नाही. पण वरच्या ग्लिवेक आणि बेडाक्विलिन या दोन प्रकरणांत वाद नव्या शोधाचा नव्हता, जुन्याच औषधाच्या नव्या रूपाचा होता. बेडाक्विलिनच्या मूळ रेणूचे पेटंट तर जुलै २०२३ मध्ये मुदत संपेपर्यंत अबाधित होते. राहिला सक्तीचा परवाना. तोही फुकट नसतो. नेक्साव्हारच्या मूळ कंपनीला नॅटकोने विक्रीच्या ६ टक्के स्वामित्वशुल्क द्यावे, असा आदेश होता, आणि अपिलात ते ७ टक्के झाले.