रोज सायकलने कामाला जायचं असेल तर रत्नागिरीत घर शहरात घ्यावं की कुवारबाव-खेडशीकडे? आणि सायकल मार्गिका मागावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकाचं ऑफिस जयस्तंभाजवळ, दुसऱ्याची नोकरी मिरजोळे एमआयडीसीत, आणि दोघांनाही शक्यतो सायकलने जायचं आहे. शहरात ज्या पैशात वन बीएचके मिळतो त्यात कुवारबाव-खेडशीकडे टू बीएचके मिळतो. शिवाय सायकल मार्गिकेची मागणी केली तर उपयोग होईल की नुसती कोंडी वाढेल, हेही विचारलं आहे.

माझं म्हणणं असं की कोकणातल्या गावात किलोमीटर मोजून घर निवडू नये, चढ मोजून निवडावं. रत्नागिरी दोन पातळ्यांवर वसलेली आहे. रामआळी, गोखले नाका, मांडवी हा जुना खालचा भाग. माळनाका, मारुती मंदिर, नाचणे, साळवी स्टॉप आणि पुढे कुवारबाव हा सड्यावरचा, म्हणजे वरच्या सपाट पठारावरचा. एका पातळीवरून दुसरीवर जाणारा प्रत्येक रस्ता चढाचा किंवा उताराचा आहे, त्याला पर्याय नाही. खाली राहून वर नोकरी असेल तर सकाळी चढ लागतो आणि माणूस ऑफिसात घामाघूम पोचतो. घर वर आणि काम खाली असेल तर सकाळी उतार, संध्याकाळी चढ. घामेजून घरी आलात तर आंघोळ करायला घरच असतं. बहुतेक लोकांची सायकल याच एका गोष्टीवर टिकते किंवा सुटते. तेव्हा तुमच्या दोघांसाठी मारुती मंदिर ते साळवी स्टॉप, किंवा नाचण्याची शहराला लागून असलेली बाजू, ही जागा योग्य. तिथून जयस्तंभ उतारावर आणि जवळ आहे, मिरजोळ्यापर्यंतचा रस्ता बराचसा सड्यावरूनच जातो. खेडशी सायकलसाठी अशक्य नाही, पण तिथून रोज महामार्गावरून यावं लागेल, आणि ते मला धोक्याचं वाटतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

घर बघायला जाल तेव्हा चढ स्वतः मोजा. फोनवर उंची दाखवणारं कुठलंही ॲप चालेल. घाटीच्या, म्हणजे चढाच्या रस्त्याच्या, पायथ्याची आणि माथ्याची उंची घ्या, फरकाला मधल्या अंतराने भागा, शंभराने गुणा. ८०० मीटरमध्ये ४० मीटर चढ म्हणजे ५ टक्के. सरासरीवर मात्र विसंबू नका, कारण कोकणातल्या घाट्यांत एखादं वळण १० टक्क्यांचं असतं आणि उतरायला तेच लावतं. ३ टक्क्यांपर्यंत कुणीही चढतं. ५ टक्के गिअरच्या सायकलवर जमतात. ८ टक्क्यांच्या पुढे रोजच्या प्रवासाला बॅटरीची मदत हवी, नाहीतर उतरून ढकलायची तयारी.

गिअरचा हिशेब समजून घ्या, म्हणजे दुकानदार काहीही गळ्यात मारणार नाही. साध्या काळ्या सायकलला पुढे ४४ दात आणि मागे १८, म्हणजे पायडल एकदा फिरलं की सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. चढावर ताशी ८ किलोमीटरने जाताना पाय मिनिटाला फक्त २५ वेळा फिरतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. पुढे २४ आणि मागे २८ दात असतील तर एका फेऱ्यात जेमतेम पावणेदोन मीटर अंतर कापलं जातं, पाय मिनिटाला ७५ वेळा फिरतात. एकूण मेहनत तेवढीच, पण ती जास्त फेऱ्यांत वाटली जाते आणि प्रत्येक फेऱ्याला जोर कमी लागतो. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर ५ टक्के चढाला या वेगाने सुमारे ११० वॅट लागतात. ठीक तब्येतीच्या माणसाला दहा-पंधरा मिनिटं हे झेपतं. म्हणून विकत घेताना गिअर किती ते विचारू नका, पुढचं सर्वांत लहान आणि मागचं सर्वांत मोठं चक्र किती दातांचं आहे ते विचारा. सायकल चढावर कशी चालेल ते त्यावरून कळतं. इलेक्ट्रिक सायकल घ्यायची झाली तर २५० वॅटची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा पाळणारी घ्या, तिला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, असेल तर मोठ्या चढावर पायडल मारत राहा. नुसत्या थ्रॉटलवर ती तापते आणि बॅटरीही लवकर संपते.

आता पाऊस. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाळ्यातही सायकल चालवता येते, पण झडीच्या दिवसांसाठी शहरी एसटी किंवा रिक्षा हाताशी हवी. घर निवडताना थांबा किती मिनिटांवर आहे हे याचसाठी बघायचं. आत एखाद्या वाडीत घर घेतलंत आणि थांबा दीड किलोमीटरवर असला तर जुलैत शेवटी स्कूटर घ्यावी लागते, आणि एकदा स्कूटर दारात आली की सायकल भिंतीला टेकते.

खारी हवा आणि जांभ्याची लाल माती मिळून सायकल खातात. रिम ब्रेकच्या पॅडमध्ये मातीचे कण रुततात आणि ॲल्युमिनियमची रिम कानशीने घासल्यासारखी झिजते. म्हणून इथे मेकॅनिकल डिस्क ब्रेक चांगला. रिम ब्रेकच असेल तर पावसात उतार सुरू व्हायच्या आधी ब्रेक हलकेच धरून चाकाचे दोन-तीन फेरे जाऊ द्या, रिमवरचं पाणी पुसलं जातं. नाहीतर पहिली काही क्षणं ब्रेक लागतच नाही, आणि वळण नेमकं तिथेच असतं. चेन पावसाळ्यात रोज फडक्याने पुसायची आणि दोन-तीन दिवसांनी प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, वरचं जास्तीचं पुसून टाकायचं. ओली चकचकीत चेन माती धरते. स्टीलच्या पट्टीने चेन मोजायची सवय लावा: नवीन चेनमध्ये एका पिनेपासून तिच्या पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंत बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०६.५ च्या आसपास आली की बदला. तशीच चालवलीत तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चक्राचे, दात झिजतात आणि नवीन चेन घसरते, म्हणजे खर्च दुप्पट.

दर दोन-तीन महिन्यांनी सीटचा दांडा बाहेर काढून ग्रीस लावा. पायडलच्या आट्यांनाही लावा. वर्षभर हलवला नाही तर दांडा फ्रेमला असा चिकटतो की कापून काढावा लागतो. सायकल समुद्राच्या बाजूच्या बाल्कनीत ठेवू नका, जिन्याखाली ठेवा. मडगार्ड पूर्ण लांबीचे हवेत आणि पुढच्याला खाली रबरी पट्टी, जमिनीपासून पाचेक इंचांवर येईल अशी. तिच्यामुळे बूट आणि चेन दोन्ही वाचतात. टायर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंद घ्या आणि पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवा. भर दुपारीही मळभ इतकं दाटतं की मागचा लाल दिवा दिवसा चालू ठेवलाच पाहिजे. अंगावर पोंचो नको, सड्यावरच्या वाऱ्यात त्याचं शीड होतं.

शहराबाहेरच्या घराबद्दल थोडंच सांगतो, कारण ते सायकलपलीकडचं आहे. ग्रामपंचायत हद्दीत पाणी कुठून येतं ते एप्रिल-मे डोळ्यांपुढे ठेवून विचारा, विहिरीचं पाणी त्या दिवसांत सड्यावर कमी होतं. शोषखड्डा विहिरीपासून निदान ६० फूट लांब आहे का ते बघा. जांभा सच्छिद्र असतो, सांडपाणी पटकन झिरपतं. इमारतीपर्यंतचा रस्ता सार्वजनिक आहे की कुणाच्या मालकीचा, हे कागदावर तपासा. हे तिन्ही ठीक असेल आणि दोघांपैकी कुणालाच रोज खाली यायचं नसेल तर कुवारबाव चांगलं. जागा मोठी, हवा मोकळी, रेल्वे स्टेशन जवळ.

आता मार्गिकेचा वाद. विरोध करणाऱ्या दुकानदारांचं सगळंच चुकीचं नाही. साधा हिशेब बघा: दोन पदरी रस्त्याला ७ मीटर, दोन्ही बाजूंना एकेरी सायकल मार्गिका किमान २-२ मीटर, पदपथ १.८ मीटरचे दोन, मध्ये विभाजक. बेरीज १५-१६ मीटर होते. रामआळीसारख्या जुन्या बाजारपेठेत एवढी रुंदी कुठून आणणार? तिथे पांढरा पट्टा मारून मार्गिका केली तर दुसऱ्या दिवशी त्यावर टेम्पो उभा राहील. आळ्यांमध्ये मार्गिका मागूच नका. तिथे वाहनांचा वेग कमी करणं आणि गाड्या एका बाजूलाच लावायला लावणं पुरेसं आहे, कारण वेग ताशी २० किलोमीटरच्या आत आला की सायकल इतर वाहनांबरोबर सुखाने चालते. दुकानदारांना मात्र हे जरूर दाखवा की एक चारचाकी उभी राहते त्या जागेत आठ ते दहा सायकली लागतात.

मुंबईचं उदाहरण विरोधक हमखास देतात, ते नीट माहीत असू द्या. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २०११ मध्ये सुमारे १३ किलोमीटरचा सायकल ट्रॅक केला. त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, वापर झाला नाही, आणि २०२५ मध्ये रस्ते रुंद करण्यासाठी तो काढायचं ठरलं. माझ्या मते तो फसला याचं कारण लोकांना सायकल नको होती हे नाही. ट्रॅक संकुलाच्या आत होता. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनवरून तिथवर सायकलने पोचायची सलग, सुरक्षित वाट नव्हती. पवई तलावाकाठचा ट्रॅक तर मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदेशीर ठरवला. भाट्ये खाडीकाठी किंवा किनाऱ्याने ट्रॅक करा अशी मागणी सुचली तर हा निकाल आधी वाचा. सागरी किनारा नियमन क्षेत्राची परवानगी हा मोठा अडसर असतो, आणि असा ट्रॅक फिरायला छान असला तरी कामावर जायला उपयोगी नसतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या सायकल ट्रॅकच्या मानकात तीसास एक, म्हणजे ३.३ टक्के चढ फक्त ९० मीटरपर्यंत चालतो. वीसास एक हा अपवाद म्हणून, तोही २० मीटरपर्यंतच. आपल्या घाट्या त्यात बसत नाहीत. म्हणून घाटीत दोन्ही बाजूंना मार्गिका मागण्यापेक्षा फक्त चढाच्या बाजूला मागा. चढताना सायकल ताशी ८ किलोमीटरने जाते, हँडल डुगडुगतं, मागून एसटी येते. धोका तिथे आहे. उतारावर सायकलचा वेग बाकीच्या वाहतुकीजवळ जातो, तिथे वेगळी मार्गिका नसली तरी चालतं. अर्धी जागा, अर्धा खर्च.

ती कशाची बांधायची हेही सांगा. पेव्हर ब्लॉक नकोत. पहिल्याच पावसाळ्यात खालची कच वाहून जाते, ब्लॉक वरखाली होतात आणि ज्या भागावर जड वाहन फिरत नाही तिथे शेवाळ धरतं. शेवाळलेल्या ब्लॉकवर वळणात चाक निसटतंच. डांबर किंवा आडव्या झाडूने खरबरीत केलेलं काँक्रीट घ्या, बाहेरच्या बाजूला गटाराकडे दोन-अडीच टक्के उतार ठेवा, रंग फक्त कडेच्या रेषेपुरता, कारण पूर्ण रंगवलेला पृष्ठभाग ओला झाला की निसरडा होतो. गटाराच्या जाळ्यांच्या सळ्या चाकाच्या दिशेला आडव्या हव्यात. जुन्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, आहेत तिथे पायऱ्यांच्या कडेने दहा सेंटिमीटर रुंदीचा सिमेंटचा चर काढला की सायकल चाकावर ढकलत नेता येते. भिंतीपासून तो ३५-४० सेंटिमीटर दूर हवा, नाहीतर हँडल भिंतीला घासतं. खर्च किरकोळ, आणि खालून वर यायचं अंतर निम्म्यावर येऊ शकतं.

महामार्गावर, म्हणजे कुवारबाव-खेडशी-हातखंबा या मिऱ्या-नागपूर रस्त्यावर, मात्र वेगळी मार्गिका किंवा सर्व्हिस रोड मिळाल्याशिवाय रोज सायकल घालू नका असंच मी सांगेन. तिथला खरा शत्रू साइडपट्टी. पावसाने ती धुपते, डांबराची कड चार-सहा इंच उंच राहते, ट्रकने हॉर्न दिला की सायकलवाला खाली उतरतो आणि परत वर चढताना पुढचं चाक कडेला घासून पडतो, तोही रस्त्याच्या बाजूला. त्यात पावसाळ्यात गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात आणि अंधारात दिसत नाहीत.

अर्ज करण्याआधी कुठला तुकडा कुणाकडे आहे ते शोधा. महामार्ग नगरपरिषदेच्या हातात नाही, तिथे कितीही निवेदनं दिली तरी ती फिरत राहतात. शहरातले रस्ते नगरपरिषदेकडे, बाहेरचे काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, वाडीतले ग्रामपंचायतीकडे. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर मंजूर होतं, तेव्हा मागणी नोव्हेंबर-डिसेंबरातच द्या आणि 'सायकल मार्गिका करा' असं मोघम न लिहिता 'अमुक चौक ते तमुक चौक, चढाची बाजू, इतके मीटर' असं नकाशासह द्या. रस्त्याचं काम अलीकडे झालं असेल तर तिथल्या फलकावर दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. तो चालू असेल तर खचलेली साइडपट्टी ठेकेदाराकडून त्याच्या खर्चाने भरून घेता येते. फलकाचा आणि खचलेल्या कडेवर ठेवलेल्या मोजपट्टीचा फोटो अर्जाला जोडा, पोच घ्या.