मेंदूत 'व्हीनस अनॉमली' निघाली, मुलीचं पायलटचं मेडिकल होईल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीला आहे, डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि रिपोर्टात 'डेव्हलपमेंटल व्हीनस अनॉमली' आलं, म्हणजे मेंदूतली एक शीर जन्मतःच वेगळ्या मांडणीची. आता पायलटचा नाद सोडायचा का, आणि मे महिन्यात उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, विमानानं जायचं की नको?

प्रवासाचं आधी सांगतो. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर खुशाल जा. वर गेलं की शीर फुटते, हे आमच्या गल्लीतलं ज्ञान. केबिनमधली हवा फार तर ८००० फुटांवरच्याइतकी विरळ असते, म्हणजे कळसूबाईच्या साधारण दीडपट उंचीवरची. जपायचं ते नुकताच रक्तस्राव झालेल्यांनी, किंवा कवटीचं ऑपरेशन होऊन आत हवा राहिलेल्यांनी. ती हवा वर गेल्यावर साधारण एक तृतीयांशानं फुगते.

पायलटचं वेगळं. तिथं 'मेंदूच्या शिरेत दोष' एवढ्यावर ठरत नाही, दोष कुठला ते बघतात. उसाच्या रानाचंच घ्या. पाटाचं पाणी सऱ्यांत न फिरता थेट ओढ्याला जोरात लागलं, तर बांध फुटणारच. ते एव्हीएम, म्हणजे धमनी थेट शिरेला जोडलेली, रक्तस्रावाचा धोका वर्षाला २ ते ४ टक्के. दोन पायलटांच्या विमानातसुद्धा एक जण अचानक निकामी होण्याचा धोका वर्षाला १ टक्क्याच्या आत असावा, असा विमानवैद्यकात जुना ठोकताळा आहे. आता तुम्हीच ताडून बघा. तुमच्या मुलीचं म्हणजे पाणी सऱ्यांतून नीट मुरतंय, फक्त निचऱ्याचा ओढा वेगळ्या वळणाचा. सर्जनही त्याला हात लावत नाहीत, कारण त्या भागाचा निचरा त्याच शिरेतून होतो.

पण कधीकधी अशा शिरेच्या शेजारी कॅव्हर्नोमा, म्हणजे फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ, असतो. माझा हरभऱ्याएवढा होता. अँजिओग्राफीत बहुधा दिसतच नाही, एमआरआयच्या एसडब्ल्यूआय चित्रात, म्हणजे रक्ताच्या खुणा दाखवणाऱ्या खास चित्रात, काळा ठिपका दिसतो. मला झोपेत फिट आली आणि कॉकपिटचा विषय तिथंच संपला. त्याआधी एक एजंट म्हणाला होता, "फॉर्मवर काही लिहू नका, कोण बघतंय?" फॉर्मवर फिट, चक्कर, डोकेदुखी सगळं विचारतात आणि खाली आपली सही असते. मी लिहिलं. त्याचा पस्तावा नाही, पायलटच्या शिक्षणाची फी आधी भरली त्याचा आहे.

म्हणून फी भरायच्या आधी डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचं, क्लास टू (शिकाऊ पायलटचं) आणि मग क्लास वन (व्यावसायिक पायलटचं) मेडिकल करून घ्या. न्यूरोलॉजिस्टकडे नुसता रिपोर्ट नको, सीडीही न्या. कॅव्हर्नोमा नाही, जुन्या रक्तस्रावाची खूण नाही, फिटचा इतिहास नाही, हे खरं असेल तर त्यांच्याकडून लेखी घ्या. डोकेदुखीचं कारणही विचारा, मेडिकलला तोही प्रश्न निघणार. शेवटचा निर्णय मेडिकलवाल्यांचाच.

एसडब्ल्यूआय केलं होतं का, ते बहुधा रिपोर्टात वरच लिहिलेलं असतं. बघून इथं कळवा.