आहारविकार आणि चॅटबॉट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडणे), बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलट्या काढणे) यांसारख्या आहारविकारांवर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून उपचार करून घेता येतील का, हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतक्या वेळा आला आहे की निवडक पत्रांना एकत्रच उत्तरे देत आहे.

चॅटबॉटने प्रश्न विचारून मला 'आहारविकार नाही' असे सांगितले. निश्चिंत राहावे का? (वाचक, पुणे)

नाही, प्रश्नावलीवरून फक्त शंका घेता येते, निदान तपासणीनंतरच होते.

हा आजार मुलग्यांना होतो का? (वाचक, सांगली)

होतो, आणि 'जिमचे वेड आहे' म्हणून घरचे दुर्लक्ष करतात, त्यामुळे तो उशिरा लक्षात येतो.

माझी सोळा वर्षांची मुलगी रोज रात्री चॅटबॉटला विचारून खाणे ठरवते. चार महिन्यांत तिचे वजन ५२ वरून ४१ किलोवर आले आणि पाळी बंद झाली. चॅटबॉट तिला समजुतीचे बोलतो. नातेवाईक म्हणतात, वयच तसे आहे, परीक्षेनंतर बघू. (एक आई, नाशिक)

परीक्षेची वाट पाहू नका. मुलीला याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे न्या आणि त्याचबरोबर मानसोपचारतज्ज्ञांचीही वेळ घ्या. झोपून व उभे राहून नाडी आणि रक्तदाब, ईसीजी, रक्तातील पोटॅशियम व फॉस्फरस एवढे तरी पाहिले गेले पाहिजे. तिला घेरी येत असेल किंवा नाडी पन्नासच्या खाली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. अ‍ॅनोरेक्सिया हा मानसिक आजारांपैकी सर्वाधिक जीवघेण्या आजारांत गणला जातो, आणि 'वयच तसे आहे' या वाक्यापायी हातचे महिने निघून गेलेले मी फार वेळा पाहिले आहेत.

चॅटबॉट समजुतीचे बोलतो हे खरे असेल, पण प्रश्न मुलीच्या तोंडून आला तरी तो विचारत असतो आजार. 'कमी कॅलरीत पोट भरेल असे काय खाऊ?' हा प्रश्न निरोगी माणसाने विचारला तर त्यात वावगे काही नाही, आणि यंत्र उत्तर देते ते त्याच समजुतीने. अमेरिकेत २०२३ मध्ये नेमके हेच घडले. तेथील नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन या संस्थेचा 'टेसा' नावाचा चॅटबॉट आहारविकार टाळण्यासाठी केलेला होता, तरीही त्याने रोज ५०० ते १००० कॅलरी कमी खाण्याचा आणि दर आठवड्याला वजन करण्याचा सल्ला दिल्याचे उघड झाले. संस्थेला तो मे महिनाअखेर बंद करावा लागला. ज्या मुलीचे अर्धे आयुष्य आधीच काट्यावर आणि कॅलरींच्या हिशेबात अडकले आहे, तिला हा सल्ला म्हणजे आजाराला खतपाणी आहे.

शिवाय यंत्र तेवढेच जाणते जेवढे त्याला सांगितले जाते. माझ्याकडे एक मुलगी दर भेटीला थोडे थोडे वजन वाढवून येत होती. एकदा तिचा कुर्ता एका बाजूला ओढला गेलेला आमच्या परिचारिकेला दिसला. खिशात स्वयंपाकघरातल्या तराजूची दोन वजने होती, आणि येण्यापूर्वी ती लिटरभर पाणी पिऊन आली होती. फोनवर तिने टाकलेला आकडा पाहून कोणत्याही अ‍ॅपने तिचे अभिनंदनच केले असते.

या वयात कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचाराला सर्वांत चांगला आधार आहे. त्यात काही काळ जेवणाची सूत्रे आईवडील हाती घेतात, ताट वाढतात आणि ते संपेपर्यंत शेजारी बसतात. पोळीचा तुकडा वाटीखाली सरकवला जातो, तो शेजारी बसलेल्यालाच दिसतो. हे कसे करायचे ते मात्र तज्ज्ञांकडून शिकून घ्या, भांडून नव्हे.

जेवल्यावर मी उलट्या काढते. घरी सांगायची लाज वाटते. 'तीन महिन्यांत बुलिमियापासून मुक्ती' देणाऱ्या अ‍ॅपची वर्गणी भरू का? (विद्यार्थिनी, पणजी)

आधी रक्तातील पोटॅशियम तपासून घ्या, कारण वारंवार उलट्यांनी ते घटते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बुलिमियात विचार व वर्तन बदलण्याच्या पद्धतीवर आधारलेली स्वयंमदत काही प्रौढांना उपयोगी पडते, पण ती कोणाच्या तरी देखरेखीखाली व्हावी लागते. दोन भेटींमधल्या नोंदी ठेवायला अ‍ॅप चालेल. मुदतीची हमी देणारी जाहिरात मात्र निव्वळ धंदा आहे. भारताच्या २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन किंवा इंटरनेटवरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मंचाला रुग्णाचे समुपदेशन करण्याची किंवा औषध लिहून देण्याची परवानगी नाही. नोंदणीकृत डॉक्टरांना साहाय्य करणे एवढेच त्याचे काम आहे. लाजेबद्दल एवढेच सांगते की ही तक्रार आम्ही रोज ऐकतो.

मुलगा बरेच दिवस जवळजवळ उपाशी आहे. चॅटबॉटने ३००० कॅलरींचा तक्ता करून दिला. आजपासून सुरू करू का? (वडील, अकोला)

करू नका. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न गेले की रक्तातील फॉस्फरस झपाट्याने घसरतो आणि त्यातून जीवही जाऊ शकतो. आहार किती व कसा वाढवायचा हे रक्ततपासण्या पाहत डॉक्टर ठरवतील. त्यांना आजच भेटा.

रात्री अकराला मन सैरभैर होते तेव्हा डॉक्टर नसतात, चॅटबॉट असतो. मग कोणाशी बोलायचे? (वाचक, ठाणे)

१४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर. ही मानसिक आरोग्यासाठीची शासकीय सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. छातीत धडधड, बेशुद्धी किंवा जीव द्यावासा वाटणे यांपैकी काही असेल, तर घरातल्या कोणाला तरी उठवून तडक जवळच्या रुग्णालयात जा.