टोफॅसिटिनिब नेमके काय अडवते, आणि आईने लावणीला जावे का?

आईला संधिवातासाठी टोफॅसिटिनिब सुरू केले असून ते कुठलेसे एन्झाइम अडवते असे डॉक्टरांनी सांगितले, पण एन्झाइम तर पचनाचे असते ना, आणि ते अडवल्यावर आईने भातलावणीला जावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी कुडाळला पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा चालवतो, म्हणून लिहितो.

पचनाखेरीज इतरही कामे करणारी असंख्य विकरे (म्हणजे एन्झाइमे) पेशींच्या आत असतात. त्यांपैकी कायनेज गटातली विकरे एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट दुसऱ्या रेणूला, बहुधा प्रथिनाला, जोडतात, तर फॉस्फेटेज तो काढून घेतात. पेशीने कधी पेटायचे आणि कधी शांत व्हायचे, हे मुख्यतः या देवघेवीवर ठरते. टी-पेशी या प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या ग्राहकाने, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनाने, जंतूचा तुकडा ओळखला की आधी एलसीके आणि मग झॅप-७० ही कायनेजे कामाला लागतात, पेशीतले कॅल्शियम वाढते, आणि त्याने जागे झालेले कॅल्सिन्युरिन हे फॉस्फेटेज एनफॅट नावाच्या प्रथिनावरचे फॉस्फेट उतरवते, तेव्हा कुठे ते प्रथिन केंद्रकात शिरून इंटरल्युकिन-२ या टी-पेशींना वाढायला सांगणाऱ्या संदेशवाहक प्रथिनाचे जनुक चालू करते. मूत्रपिंडरोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हीच पायरी रोखते.

असे एखादे विकर जन्मतःच सदोष असले तर काय होते, हे रुग्णांवरूनच कळले. वारंवार संसर्ग होणाऱ्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन (जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे) नसल्याचे ब्रुटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी १९५२ मध्ये नोंदवले; ज्याच्या दोषामुळे हा आजार होतो ते बीटीके हे कायनेज १९९३ मध्ये सापडले. उलट प्रतिकार करणाऱ्या पेशींतले पीआय-३ कायनेज डेल्टा सतत चालू राहिले तरी मुलांना पुन्हापुन्हा छातीचे संसर्ग होतात, म्हणजे नुसते जास्त चालणेही बरे नव्हे. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या काढ्यांच्या जाहिराती मला म्हणूनच पटत नाहीत.

आता आईचे औषध. सांध्यांतली सूज पेटती ठेवणारे इंटरल्युकिन-६ आपला संदेश जॅक-१ या कायनेजामार्फत आत पोचवते, आणि टोफॅसिटिनिब मुख्यतः जॅक-१ व जॅक-३ मध्ये एटीपीची जागा अडवून बसते. सूज उतरते, पण विषाणूंविरुद्धचा इंटरफेरॉनचा संदेशही जॅक-१ वरूनच जात असल्याने नागीण उठण्याचा धोका वाढतो, आणि औषधापूर्वी क्षयाची तपासणी करतात तीही दबलेला संसर्ग उफाळू नये म्हणून. आणखी एक गोष्ट आम्हा प्रयोगशाळावाल्यांना सतत जपावी लागते: सूज किंवा संसर्ग असता रक्तात वाढणारे सीआरपी हे प्रथिन यकृत इंटरल्युकिन-६ च्याच सांगण्यावरून बनवते, त्यामुळे हे औषध चालू असताना संसर्ग असूनही सीआरपी फारसा वाढलेला दिसेलच असे नाही. रक्त द्यायला जाल तेव्हा चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहायला सांगा.

लावणीबद्दल माझे मत असे की आईला यंदा चिखलात उतरवू नका. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू भेगाळलेल्या टाचेतून सहज शिरतात, आणि गमबूट घालावेत म्हटले तर ते कुणग्यात (भाताच्या खाचरात) रुततात, हे आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे. बांधावर बसून तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) मुठी बांधायच्या तर हातांना चिरा नसाव्यात आणि हातमोजे असावेत. ताप, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. गोळी काही दिवस थांबवायची की नाही, हे मात्र त्यांनाच ठरवू द्या.