‘वर्गातली पोरं बघतील, मॅडम’

दर जुलैत प्रवेशाचा गोंधळ ओसरला की माझ्या खोलीच्या दाराशी एक ठरलेला प्रश्न येऊन उभा राहतो. कधी आई विचारते, कधी मामा, क्वचित मुलगा स्वतः. “कमवा आणि शिकाचा फॉर्म भरावा का? अभ्यास बुडणार नाही ना?” कमवा आणि शिका म्हणजे शिकता शिकता कॉलेजातच काम करून थोडे पैसे मिळवायची योजना. मी साताऱ्यात एका कॉलेजात समुपदेशक आहे. इतकी वर्षं हा प्रश्न ऐकून एक कळलंय. अभ्यास तोंडावर असतो, पोटात दुसरंच असतं, आणि ते बाहेर यायला दोन-तीन भेटी जातात. म्हणून उत्तर देण्याऐवजी एका मुलाचं सांगते. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता. डिसेंबरात विभागप्रमुखांनी चिठ्ठी देऊन पाठवला: सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला सारखा गैरहजर, आला तर डुलक्या. गाव जावळी खोऱ्यात, आतल्या बाजूला. तिथून निघणारी मुक्कामी एसटी साताऱ्यात साडेआठला पोचते, म्हणजे प्रॅक्टिकल हुकलंच. त्यामुळे तो साताऱ्यातल्या करंजे भागात चौघांत मिळून खोली घेऊन राहायचा. सरांना वाटलं मोबाईलचा नाद असेल. मलाही आधी तेच वाटलं, कबूल करते.

मग त्याचं मनगट दिसलं. आतल्या बाजूला रुपयाएवढा भाजल्याचा डाग, ताजा. नखांच्या कडा हळदीच्या पिवळ्या. मी विचारलं, “स्वयंपाक कोण करतं खोलीवर?” म्हणाला, “मेस आहे.” “मग हे?” बराच वेळ गप्प. शेवटी, “वरणाची बादली कलंडली.”

तो लग्नाच्या केटरिंगला वाढपी म्हणून जात होता. तुळशीचं लग्न झालं की कार्यालयं भरायला लागतात. संध्याकाळी पाचला टेंपो उचलून न्यायचा आणि भांडी आवरून रात्री एक-दीडला सोडायचा. एका कार्याचे 500 रुपये, रोख. काळी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात लाल बो. तो बो त्याच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात, जर्नलला चिकटून होता.

वडील नवी मुंबईच्या बाजारात माथाडी. जावळी-पाटणच्या कितीतरी घरांची चूल त्याच बाजारावर पेटते. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या कमरेने दगा दिला, टोळीतलं काम निम्म्यावर आलं. पूर्वी पोराला महिन्याला साडेचार हजार यायचे, आता अडीच. पोरानं घरी कुणाला काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. ‘भागतंय’ म्हणाला आणि टेंपोत बसला.

आमच्या कॉलेजात कमवा आणि शिका योजना आहे. जागा जुलै-ऑगस्टमध्येच भरतात, पण एक मुलगी मध्येच सोडून गेल्याने जानेवारीपासून एक जागा मोकळी होणार होती. काम रोज दोन तास, तासिका नसतील तेव्हा. परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी. त्या वर्षी आमच्याकडे तासाला 30 रुपये होते. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. म्हणून त्याला बसवून मी कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सुरू केली. साताऱ्यात बसून ही गोष्ट न सांगणारा मास्तर अजून जन्मायचाय.

“भाऊराव अण्णांनी इथंच...”

“मॅडम,” तो म्हणाला, “4 ऑक्टोबर 1919, काले गाव, रयत शिक्षण संस्था. 1924 ला कारभार साताऱ्याला. 1927 ला बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं ते गांधीजींच्या हस्ते. पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. 1947 ला छत्रपती शिवाजी कॉलेज. दहावीत 22 सप्टेंबरला जयंतीचं भाषण मीच केलं होतं. पहिला नंबर आला.”

मी गप्प बसले. त्याचं अजून संपलं नव्हतं.

“त्या बोर्डिंगात सगळीच पोरं काम करायची, मॅडम. स्वयंपाक, शेत, झाडलोट, सगळं. इथं सत्तर पोरांत मी एकटा फडकं मारणार. वर्गातली पोरं बघतील.”

“आणि कार्यालयात कोणी बघत नाही?”

“तिथं बो असतो. माणूस कुणी बघत नाही.”

नंतर त्यानं एक प्रसंग सांगितला. वाढे फाट्याकडच्या एका कार्यालयात टेबलपंगतीला त्याच्याच वर्गातले तिघं बसले होते. याच्या हातात मठ्ठ्याचा जग. तो पडद्यामागे गेला आणि त्यांची पंगत उठेपर्यंत तिथंच उभा राहिला. मुकादमानं 100 रुपये कापले.

त्या दिवशी मी त्याला काहीच सल्ला दिला नाही. द्यायला माझ्याजवळ नव्हताच. घरी जाताना डोक्यात एकच: पोरगं बरोबर बोलतंय. अण्णांच्या बोर्डिंगात श्रम हा सगळ्यांचा दिनक्रम होता. आमच्या योजनेत उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकं लावणारा मुलगा कोण, हे काम बघूनच कळतं. त्याला स्वावलंबनाचं भाषण देणं म्हणजे त्याच्याच जखमेवर त्याचंच बक्षीस ठेवणं. (आमच्या प्राध्यापकांनीही आठवड्यातून एकदा ग्रंथालयाची कपाटं पुसावीत, असं मी एका बैठकीत सुचवलं. चहा आला आणि विषय बदलला.)

पुढच्या भेटीत लाजेला हात लावला नाही. आधी हिशेबच काढायला लावला, कारण खड्डा किती खोल आहे हे न मोजताच तो रात्ररात्र माती टाकत होता. खोलीचे 1,500, मेस दोन्ही वेळची 2,400, रिचार्ज, झेरॉक्स, वरखर्च मिळून 600. बेरीज 4,500. घरून 2,500. खड्डा दोन हजारांचा.

“मग आठ-नऊ कार्यं कशाला?”

“वरचे आईला देतो. औषधाला म्हणून. कुठून आले सांगत नाही.”

मग दोन्ही कामं शेजारी शेजारी मांडली. पहिला मुद्दा त्यानंच काढला, आणि तो चोख होता: सात-आठ तासांचे 500, म्हणजे तासाला साठ-सत्तर पडतात, कॉलेज तीस देतं. खरं आहे. कमवा आणि शिकाचा मोबदला तुटपुंजा आहे, ते मी लपवत नाही. पण मी त्याला पंचांग आठवायला सांगितलं. पौषात मुहूर्त किती? आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत किती? आणि उन्हाळी सत्राची परीक्षा कधी? मार्च-एप्रिल. ऐन लग्नसराईत. वाढप्याला ‘उद्या माझा पेपर आहे’ म्हणता येतं का? तो हसला. “म्हणता येतं. परवापासून बोलवत नाहीत.”

हे काम की ते, हे ठरवताना मी मुलांना रुपयांच्या आधी हेच विचारते. अडचणीच्या आठवड्यात काम तुझ्यासाठी थांबेल की तू कामासाठी? रात्र खाणार आहे का? आठवड्याला बारा-चौदा तासांपर्यंत मुलं तग धरतात, त्यापुढे कुठेतरी उसवतं, असं माझं बघण्यातलं आहे. आणि बाराही महिने चालेल असं आहे का?

दोन हजार मात्र योजनेतून पुरे होत नव्हते. दोन तास, महिन्याला चोवीस दिवस, चौदाशे चाळीस. उरलेल्याची वाट आईनं काढली, नकळत. मुक्कामी गाडीच्या कंडक्टरकडे डबा देता येईल का, असं पोरानं फोनवर सहज विचारलं. त्या माउलीनं दुसऱ्याच दिवशी भाकरी, झुणका आणि ठेचा कापडात बांधून पाठवला. प्रॅक्टिकल संपलं की स्टँडवर जाऊन डबा उचलायचा. मेस एकवेळची केली, 1,100 वाचले.

अजून एक गाठ होती. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा त्याचा पहिल्या वर्षाचा शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर दाखवत होता, पण पैसे आलेच नव्हते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की लगेच विचारलं, “गावच्या शाळेत असताना बँकेत खातं उघडलं होतंस?” ही रक्कम खाते क्रमांक बघून जात नाही. आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलेलं असेल तिकडे जाते. मुलं नवीन पासबुक घेऊन वर्षभर वाट बघतात आणि पैसा मेढ्याच्या शाखेत विसरलेल्या खात्यावर पडून राहतो. त्याचाही तसाच होता, तीन हजारांच्या आसपास. केवायसी करून खातं चालू करायला दोन हेलपाटे पडले. तो पैसा नेमका कामाला आला, कारण कमवा आणि शिकाचा पहिला पगार हाती यायला दोन महिने जातात. हजेरीपत्रक, विभागप्रमुखांची सही, कार्यालय, मग बँक. जे पालक पहिल्याच महिन्याची मेस त्यावर लावून बसतात त्यांची फजिती होते.

राहिली लाज. तिच्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. एवढंच केलं की ग्रंथालयाऐवजी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा मिळते का बघितलं. तिथले प्रयोगशाळा सहायक मामा रिटायरमेंटला आलेले, हाताखाली कुणी नाही. “येऊ दे,” म्हणाले, “पण बाटल्या फोडल्या तर बघ.”

पहिला आठवडा ब्युरेट, म्हणजे मापाच्या काचनळ्या, धुवून उलट्या लावण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात मामांनी त्याला द्रावण करायला बसवलं. सोडियम हायड्रॉक्साइड, 0.1 नॉर्मल तीव्रतेचं, लिटरला 4 ग्रॅम. खडे हवेतली ओल पितात, डबीचं झाकण उघडून रमतगमत तोललं की वजन खोटं. झटकन घ्यायचं, झटकन झाकायचं. तो मला हे हातवारे करून सांगत होता, तेव्हा मनगटावरचा डाग फिका झालेला दिसला.

एकदा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “तू इथं कामाला आहेस?” तो म्हणाला, “सरांनी मदतीला बोलावलंय.” हे त्यानं मला येऊन सांगितलं, चुकल्यासारखं तोंड करून. मी म्हटलं, असू दे. मी त्या वयात, त्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

फेब्रुवारीत त्याचे आई-वडील आले. न कळवता. गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं की तुमचा पोरगा कॉलेजात शिपायाचं काम करतोय. आई दारातच थांबली. वडील खुर्चीवर बसायला तयार नव्हते, कंबर, म्हणून भिंतीला टेकून उभे राहिले.

“बाई,” ते म्हणाले, “मी पन्नास-पन्नास किलोची पोती वाहिली ती ह्यानं वाहू नयेत म्हनून. तुमी त्याला राबायला लावलं?”

याला उत्तर नसतं. निदान मला सुचलं नाही. म्हटलं, चला, दाखवते.

प्रयोगशाळेत तो पाठमोरा, बाटल्यांना लेबलं चिकटवत होता. ॲप्रन घातलेला. आई त्या ॲप्रनकडेच बघत राहिली. वडिलांनी सगळं नीट न्याहाळलं: रॅक, बेसिन, तराजू, भिंतीवरची हजेरी. खाली एक मोठी बाटली होती, तिच्याकडे सवयीनं हात गेला. पोरगं ओरडलं, “आबा, नका उचलू! ॲसिड हाय.”

हात मागे घेतला त्यांनी. मग हजेरीच्या कागदापाशी जाऊन सह्या बघितल्या.

“मुकादम कोन हितला?”

पोरानं मामांकडे बोट केलं.

“हजेरी रोजच्या रोज मारत्यात?”

“व्हय.”

“पैसं?”

“महिन्याचं महिन्याला. पन येळेवर न्हाईत येत. जानेवारीचं अजून न्हाईत.”

आबा पहिल्यांदा हसले. आईकडे वळून म्हणाले, “मंग हे खरंच काम हाय.”