बोंडूचा पैसा

बेटी,

अस्सलामु अलैकुम.

तू लिहिलेलं सगळं वाचलं. बागेतला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, फेणीच्या भट्टीला विकावा का, यावर दोन मौलानांनी दोन उत्तरं दिली म्हणून तू मला विचारतेस. मी मौलाना नाही. काजूच्या धंद्यात हयात गेलेला, तुझ्या अब्बांबरोबर बागा फिरलेला माणूस आहे. फतवा माझ्याकडे मागू नकोस. पण बाग, बोंडू आणि पत्रादेवीच्या नाक्यावरून पलीकडे गोव्यात जाणारा टेम्पो मला कळतो, तेवढ्यावर बोलतो.

आधी तुझं म्हणणं मांडतो, म्हणजे चाचांनी ऐकूनच घेतलं नाही असं नको. बी पिळून घेतली की बोंडूला कोणी विचारत नाही. गुरं खातात तेवढी खातात, बाकी झाडाखाली कुजतो, चिलटं घोंघावतात. आता गोव्याचा भट्टीवाला क्रेटच्या हिशोबाने रोख द्यायला तयार आहे. बीचा भाव पडलेला, अब्बा गेले, धाकट्याच्या डिप्लोमाची फी डोक्यावर. तू पीत नाहीस, गाळत नाहीस, बाटली विकत नाहीस. तू फळ विकतेस.

हे सगळं खरं आहे. आणि तरीही माझं उत्तर नाही असंच आहे.

त्या पैशाने फायदा होणार नाही असं मी म्हणणार नाही. कुराणही तसं म्हणत नाही. सूरह बकराची 219 वी आयत काढून वाच. लोक शराब आणि जुगाराबद्दल विचारतात, तेव्हा उत्तर येतं की त्यांत मोठा गुन्हा आहे आणि लोकांसाठी काही फायदेही आहेत, पण गुन्हा फायद्यापेक्षा मोठा. फायदा मान्य करून मग वजन केलंय. सूरह माइदाच्या 90 व्या आयतीत दूर राहण्याचा साफ हुकूम येतो, तो त्याच्यानंतर. तेव्हा फी, कर्ज, घराचं छप्पर ही यादी मला पुन्हा पाठवू नकोस. ती यादी खरी आहे हे धरूनच मी बोलतोय. पैसा किती आणि कशासाठी, हे तू मला तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितलंस. तो कुठून आला, हे एकदाही लिहिलं नाहीस.

तुझ्या अब्बांच्या पिढीत आणि माझ्याही पिढीत आपण मोहल्ल्यातले लोक एका गोष्टीवर फार फुगलो. आम्ही पीत नाही. अगं, न पिणं आपल्याला सोपंच होतं. घरात कधी नव्हती, वास आला तरी आई पदर नाकाला लावायची. जे कधी चाखलंच नाही ते सोडायला काय लागतं? कस लागतो तो पैशापाशी. पैगंबर साहेबांचे साथी हजरत अनस यांनी सांगितलेली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, तुला मदरशात शिकवली असणार. शराबच्या बाबतीत दहा जणांवर लानत, म्हणजे धिक्कार, आहे: गाळणारा, गाळून घेणारा, पिणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेली जाते तो, वाढणारा, विकणारा, तिच्या किमतीवर खाणारा, विकत घेणारा आणि ज्याच्यासाठी विकत घेतली जाते तो. दहांत पिणारा एक. किंमत खाणाऱ्याचं नाव वेगळं काढून घेतलंय. आणि हे सांगणारे कोण? हुकूम आला त्या दिवशी दुसरे साथी अबू तल्हा यांच्या घरी पाहुण्यांना खजुराची शराब वाढत होते ते अनसच. बाहेर पुकारा झाला, अबू तल्हांनी सांगितलं, जा, ओतून दे. मदिनेच्या गल्ल्यांतून ती वाहिली. शिल्लक मालाचं काय, नुकसान कोण भरून देणार, असं त्या बैठकीत कोणी विचारल्याचं कुठे येत नाही.

आता तुझा फळाचा मुद्दा. तू म्हणशील, दहांत फळ विकणारा नाही. बरोबर, नाही. इथेच तुझ्या दोन मौलानांत फरक पडला, आणि दोघांपैकी कोणी खोटं बोललेलं नाही. हनफी मजहबाचे, म्हणजे त्या पंथाचे, इमाम अबू हनीफा यांच्या मते फळाच्या रसात स्वतः गुन्हा नाही, घेणारा पुढे जे करतो ते त्याचं, म्हणून विक्री चालते. त्यांचेच दोन मोठे शागिर्द, अबू यूसुफ आणि मुहम्मद, यांना ते पटलं नाही. आपण कोकणी मुसलमान इमाम शाफईंच्या मजहबाचे. आपल्याकडे घेणारा शराब करेल असा नुसता संशय असेल तर विक्री मकरूह, म्हणजे नापसंत, आणि खात्री असेल तर हराम. इमाम अबू हनीफांच्या शब्दाला हात लावायची माझी लायकी नाही. हनफी घरातली मुलगी असतीस तर मी गप्प बसलो असतो. पण तुझ्या घराने पिढ्यान् पिढ्या नमाज शाफई, निकाह शाफई, वुजूचे नियम शाफई पाळले आणि भट्टीवाल्याचा फोन आला तेव्हा दुसरा मजहब शोधायला निघालात, हे मला सहन होत नाही. तुझ्या मनाला पटलं असतं तर तू मला लिहिलंच नसतंस.

आणि खात्रीचं म्हणशील तर संशयाला जागा आहे कुठे? मी भट्ट्या बघितल्यात. बोंडू चेचतात, दाबून ठेवतात, रात्रभर रस निथळतो. तो दोन-तीन दिवस ठेवला की आपोआप फसफसायला लागतो, विरजणसुद्धा लागत नाही. मग चुलीवर चढवतात. पहिल्या धारेची हुर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. 2009 मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात लपवाछपवी काही नाही. तुझा गिऱ्हाईक जॅम करणार नाही, हे तुलाही ठाऊक, मलाही ठाऊक.

धाकट्याच्या फीवर थांबून बोलायला हवं, कारण तुझा जीव तिथे अडकलाय. तू लिहिलंस, ‘चाचा, यतीमांच्या, बाप नसलेल्या पोरांच्या घरात अल्लाह सवलत देत नाही का?’ बेटी, हा प्रश्न तुझ्याआधी विचारला गेलाय. विचारणारे पुन्हा तेच अबू तल्हा. त्यांच्या ताब्यात काही यतीम होते आणि त्यांना वारशात शराब आली होती. यतीमांचा माल, ज्याला हात लावणाऱ्याला कुराणाने आगीची भीती घातली आहे, असा माल. पैगंबर साहेबांनी (सल्ल.) सांगितलं, ओतून टाका. अबू तल्हांनी विचारलं, सिरका, म्हणजे व्हिनेगर, करू का? उत्तर आलं, नाही. यतीमांचं हित पैगंबर साहेबांएवढं कोणाला कळत होतं? ते स्वतः यतीम वाढले होते. ही हदीस वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं. सोपी आहे असं मी म्हणत नाही. पण तुझं संकट त्या मुलांपेक्षा हलकं आहे हे बघ. त्यांचा माल शराब होऊन बसला होता, ओतण्यावाचून इलाज नव्हता. तुझं अजून फळ आहे, झाडावरच आहे, हलाल आहे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण लोक तुला सांगतीलच की हा म्हातारा हट्टी, याने स्वतःचं घर मोडलं. बांद्याच्या अलीकडे महामार्गाला लागून आमची वडिलोपार्जित जागा होती. सातबाऱ्यावर माझं आणि भावाचं नाव. परमिट रूमसाठी भाड्याने मागायला माणूस आला. आकडा ऐकून भाऊ म्हणाला, आपण कुठे पिणार आहोत, आपण चार भिंती देतोय. हेच शब्द. तुझ्या पत्रात वाचले तेव्हा अंगावर काटा आला. मी सही दिली नाही. वाटणी झाली, बोलणं तुटलं. त्याच्या मुलीच्या निकाहाचं बोलावणं आम्हाला आलं नाही. दोन्ही पोरं एका दस्तरखानावर बसलेली आईला पुन्हा दिसली नाहीत, आणि त्याची सल मला कबरीपर्यंत पुरेल. पण सही द्यायला हवी होती का? नाही. आज विचारलंस तरी नाही. तिचं दुःख माझ्या नकारातून आलं असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, भावाच्या आग्रहातून का नाही आलं? हराम नाकारणाऱ्यानेच नातं तोडलं असं का धरायचं?

पुढे सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आणि 1 एप्रिल 2017 पासून महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद झाली. तेव्हा लोक घरी येऊन म्हणाले, बघा, तुम्ही बरोबर ठरलात. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की मी कोर्टामुळे बरोबर ठरलेलो नाही. नियम नंतर सैल झालेच. तो बार जन्मभर धो धो चालला असता तरी मी सही दिली नसती. तुलाही हेच सांगतो. भट्टीवाला फसवेल, भाव पाडेल, पैसे बुडवेल, असलं काही मी तुला सांगणार नाही. तो सचोटीचा माणूस असेल, रोख देईल, दरवर्षी देईल. तरी तो पैसा कुठून आला हे बदलत नाही.

शेजाऱ्यांच्या बागांतून क्रेट जातात म्हणून मात्र तोंड वाकडं करू नकोस. त्यांच्या धर्मात हे हराम नाही, त्यांनी आपल्याला कधी अडवलं नाही, आपण त्यांना शिकवायला जायचं नाही. माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांच्या घरी मी लहानपणापासून जेवलोय. हा हिशोब फक्त तुझा आणि तुझ्या रबचा आहे.

आता कामाचं. तू दापोलीला शेतीच शिकलीस ना? मग कुजतो कुजतो काय म्हणतेस! तुझ्या अब्बांनी लावलेली वेंगुर्ला 4 आणि 7 या काजूच्या जातींची कलमं आहेत, ती ज्या केंद्रातून आली त्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात जा आणि सिरपचं विचार. ताजा, न फुटलेला बोंडू झाडाखालून त्याच दिवशी उचलायचा, धुवायचा, रस काढायचा. घसा धरतो तो तुरटपणा साबुदाण्याच्या पेजेने खाली बसतो, वरचा नितळ रस घ्यायचा आणि लगेच साखर-आम्ल घालून पाक करायचा. लगेच म्हणजे लगेच, दुपारचा रस उद्यावर ठेवलास तर फसफसलाच समज. सिरक्याच्या वाटेला जायचं असेल तर आधी शाफई मसला, म्हणजे धर्माचा नियम, नीट विचार, कारण आपोआप आंबट झालेला आणि काही घालून केलेला यांत आपल्याकडे फरक आहे. पहिल्या वर्षी यातून फीएवढं सुटणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो. कमी पडेल ते माझ्याकडून कर्ज म्हणून घे, कागद करून, धाकटा कमवायला लागला की फेडेल. संकोच करशील तर मला राग येईल. व्याजाचं नाव काढू नकोस.

राहिला इसार. तू लिहिलंस की घेतलाय, डब्यात तसाच ठेवलाय आणि शब्द दिलाय, मोडू कसा. तुला त्याची झोप लागत नाही यावरून मला तुझे अब्बा आठवले. पण हरामासाठी दिलेला शब्द पाळायचा नसतो, त्यातून रीतसर बाहेर पडायचं असतं. आत्ता माघ चाललाय, बोंडू धरायला वेळ आहे, त्याला दुसरी बाग मिळेल. हंगाम सुरू झाल्यावर नाही म्हणालीस तर त्याचं खरं नुकसान करशील आणि तोही गुन्हाच. फोनवर सांगू नकोस, धाकट्याला धाडू नकोस. मामूंना सोबत घे, स्वतः जा, माफी माग, कारण विचारलं तर लाजू नकोस. पैसे त्याच्यासमोर मोजून दे आणि त्याच्या वहीतलं तुझं नाव तुझ्या डोळ्यांदेखत खोडून घे. मग मला कळव, म्हणजे वेंगुर्ल्याला कधी निघायचं ते ठरवू.

दुआगो,
तुझे चाचा