बुलिमियातून बरी होतेय, घरचे नवरात्राचे उपवास धर म्हणतात. धरू का?

नाही, या वर्षी धरू नका. नऊ दिवसांचे तर नाहीतच, उठता-बसताही नको. बुलिमियाच्या उपचारात पहिली पायरीच वेळेवर खाण्याची असते: तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं काहीतरी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. पोट रिकामं राहिलं की बकाबका खाणं, मग अपराधी वाटणं, मग उलटी, हे बुलिमियाचं चक्र पुन्हा सुरू होतं. यात मनाचा कमकुवतपणा नाही. अमेरिकेत मिनेसोटात १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात दिवसभर जेवणच घोळत राहिलं आणि पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांचं समाधान होईना.

घरी स्पष्ट सांगा, औषधोपचार चालू आहेत. आजारी माणसाला उपवास माफ असतो, हे आपल्याकडे सगळ्यांना मान्य आहे. घटाला माळ घाला, आरतीला उभ्या राहा, जोगवा म्हणा. साबुदाण्याची खिचडी आवडत असेल तर बशीभर घ्या, दाण्याचं कूट आणि दह्यासकट, सगळ्यांबरोबर बसून. रात्री त्याबदल्यात जेवण कापू नका, हे मात्र पक्कं.

‘आता चेहरा भरला गं’ असं कुणी म्हणेल. कौतुकाने म्हटलेलंही झोंबतं, म्हणून घरातल्या एकाला आधीच विषय बदलायला सांगून ठेवा.

उलट्या चालू असतील आणि छातीत धडधड किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, पोटॅशियम कमी झालेलं असू शकतं. बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा.